बेकारी भत्ता आणि प्रासंगिक काम

चेन्नईतील अण्णा नगर ही 1968 सालच्या व्यापार मेळ्यानंतर विस्तारलेली रेखीव वसाहत. आज स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठीही ती प्रसिद्ध आहे. पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारे अनेक तरुण येथे आढळतात. अशा एखाद्या तरुणाने सायंकाळी दोन मुलांना शिकविले, तर तो बेकार ठरतो की नाही?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तमिळनाडू शासनाच्या योजनेत सेवायोजन कार्यालयात पाच वर्षे नाव नोंदलेल्या बेकारांना भत्ता मिळतो. पदवीधरास दरमहा 600 रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे 20 रुपये, आणि तोही तीनच वर्षे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांहून अधिक नसावे व अर्जदार नोकरीत अथवा स्वयंरोजगारात नसावा, अशा अटी आहेत. दरवर्षी तसे लिहूनही द्यावे लागते. शिकवणीला स्वयंरोजगार मानले, तर भत्ता जातो. न मानले, तरी तिची मिळकत कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाते. खरे सांगणाऱ्याचे नुकसान व लपविणाऱ्याचा लाभ, असा पेच येथे निर्माण होतो.

हा पेच जुनाच आहे. ब्रिटनने 1911 साली बेकारीचा विमा कायद्याने सुरू केला. पुढे तेथील गोदी कामगार आठवड्याचे तीन दिवस काम करीत आणि उरलेल्या तीन दिवसांचा भत्ता मागत. रोजंदारीच्या धंद्यात काम व बेकारी एकाच आठवड्यात नांदतात, हे त्यातून दिसून आले.

जर्मनीने यावर निराळा तोडगा काढला. तेथे बेकारी विम्याचा लाभ घेणाऱ्यास आठवड्याला 15 तासांहून कमी काम करता येते. महिन्याला 165 युरोपर्यंतची निव्वळ मिळकत त्याच्याकडेच राहते. त्यावरील रक्कम मात्र भत्त्यातून वजा होते. म्हणजे थोडे काम केल्याने सारा भत्ता बुडत नाही.

भारतात 2018 साली राज्य कर्मचारी विमा महामंडळाने अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. प्रारंभी सरासरी वेतनाच्या 25 टक्के साहाय्य होते. 2020 साली ते 50 टक्के करण्यात आले. त्याची मर्यादा 90 दिवसांची ठेवण्यात आली. परंतु ते विमाधारक कामगारासाठी होते. शिकवणी घेणारा पदवीधर किंवा लग्नसमारंभात वाढपी म्हणून जाणारा मजूर त्या कक्षेत येत नाही.

म्हणूनच भत्त्याचा नियम करताना ‘काम आहे की नाही’ एवढेच विचारून भागत नाही. किती तास, किती दिवस आणि किती मिळकत, हेही विचारावे लागते. तसे न केल्यास हाती आलेले थोडेसे कामही नाकारणेच शहाणपणाचे ठरेल.