मॉडेलवरचा पांढरा थर आणि बंद खिडकी

महिनाभर खपून विमानाची छोटी प्रतिकृती रंगवायची आणि शेवटी तिच्यावर मॅट वॉर्निशचा हात द्यायचा, ही स्केल मॉडेल करणाऱ्यांची रीत. त्याने रंगाची चमक मरते आणि विमान खरे वाटते. पण जुलैतल्या मुंबईत किंवा कोकणात हेच हिरवे विमान पाहता पाहता पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे पडते. मग पुढच्या वेळी बाहेरचा दमटपणा नको म्हणून खिडक्या लावून फवारणी होते. मॉडेलचे काय व्हायचे ते होवो, फवारणाऱ्याचे डोके मात्र ठणकू लागते.

पांढरेपणाचे मूळ बहुधा दोन ठिकाणी सापडते. मॅट वॉर्निशमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो, प्रकाश विखुरतो आणि चमक जाते. डबा पुरेसा हलवला नाही, तर हे कण तळाशी बसून एकाच जागी दाट पडतात. थर जाड दिला, तरी तेच. फार लांबून फवारले, तर थेंब हवेतच वाळून भुकटीसारखे बसतात. (सिलिका म्हटले की सिलिकोसिस आठवतो. पण तो दगडाच्या धुळीतल्या स्फटिकरूप सिलिकाने होतो; वॉर्निशमधली सिलिका सहसा त्या प्रकारची नसते.)

दुसरे मूळ हवेत. वॉर्निशमधले थिनर उडताना पृष्ठभाग गार करते, हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटते तसे. दमट हवेत त्या गार जागी दव धरते, ओल्या थरात अडकते आणि थर दुधी होतो.

असे मॉडेल लगेच खरवडू नये. पूर्ण वाळल्यावर त्याच जातीच्या चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्यावा. दुधी काच ओली केली की आरपार दिसू लागते, तसा खालचा रंग बहुतेकदा परत दिसतो. मग कोरड्या दिवशी मॅटचे पातळ हात. डबा गार असेल तर कोमट पाण्यात ठेवावा. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात ठेवला तर तो फुटू शकतो.

खिडकी बंद करणे हा मात्र उपाय नव्हेच. थिनरच्या वाफेने डोकेदुखी, चक्कर, मळमळ होते, डोळे चुरचुरतात. नाक त्या वासाला लवकर सरावते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ याला काही अर्थ नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो.

सर्वांत जपायचे ते हार्डनर मिसळायच्या पॉलियुरेथेन वॉर्निशला. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोडी मात्राही पुरते. खोकला किंवा धाप कित्येक तासांनी, रात्रीही लागते. दुपारच्या फवारणीशी तिचा संबंध कोण लावणार? डॉक्टर धंदा विचारतात, छंद क्वचितच. तो रुग्णाने आपणहून सांगावा. हे वॉर्निश घरात फवारूच नये. साध्या कोळशाच्या मास्कवरही इथे भिस्त ठेवू नये.

कोळशाची डबी काम झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. उघडी राहिली, तर खोलीतली हवा शोषून ती वापराविनाच संपते.