सौर संचातील बंद बॅटरी : इक्वलाइझ करावी काय?



वस्तीवर सौर संच बसविलेल्या सभासदांकडून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. बॅटरी पूर्वीसारखी रात्रभर टिकत नाही, मेकॅनिक म्हणतो की इक्वलाइझ करा, दुकानदार म्हणतो की हात लावू नका; मग ऐकायचे कोणाचे? बॅटरी ही संचातील सर्वांत लवकर बदलावी लागणारी महाग वस्तू आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

सौर योजनांचे धागे बहुधा वांद्र्याला जाऊन मिळतात. नाबार्डचे मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सन २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानात घरगुती सौर दिव्यांचे अनुदान नाबार्डमार्फत बँकांकडे येत असे. महावितरणचे 'प्रकाशगड' हे वांद्रे पूर्वेला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही २०२४ ची योजना महावितरणच राबविते. मात्र त्या पंपाला बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पाणी, ऊन गेले की बंद. तेव्हा पंपवाल्यांना या लेखाची निकड नाही. ज्यांच्या घरात, गोठ्यात वा दुकानात बॅटरीवर दिवे-पंखे चालतात, त्यांनी मात्र पुढचे नीट वाचावे. मंजुरी वांद्र्याहून येईल, बॅटरी सांभाळायला तिकडून कोणी येणार नाही.

शिसे-ॲसिडची बॅटरी फ्रान्सच्या प्लान्टे यांनी १८५९ साली बनविली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २ व्होल्टचे. वापरताना प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते, चार्ज केले की ते विरते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, बॅटरी अर्धवट भरते, आणि सल्फेट घट्ट होऊन बसते. सहाही कप्पे सारखे भरत नाहीत. उसाला पाणी देताना सरीचे तोंड चिंब भिजते आणि शेवट कोरडा राहतो, तसलाच हा प्रकार. शेवटपर्यंत ओल पोचावी म्हणून आपण पाणी थोडे जास्त वेळ सोडतो. इक्वलाइझ करणे म्हणजे नेमके तेच. बॅटरी पूर्ण भरल्यावरही मुद्दाम १५ ते १६ व्होल्टने काही तास चार्ज करायचे, म्हणजे मागे राहिलेला कप्पाही भरून निघतो.

पाणी घालायच्या बॅटरीला हे चालते. ॲसिड उकळल्यासारखे बुडबुडे येतात, पाणी उडते, आपण बुचे काढून डिस्टिल्ड वॉटर घालतो. बंद बॅटरीत बूचच नाही. तिच्यातले ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते किंवा जेलीसारखे घट्ट असते. चार्ज होताना निघणारा प्राणवायू आतल्या आतच दुसऱ्या प्लेटवर जाऊन पुन्हा पाणी होतो. पण हे एका मर्यादेपर्यंतच. व्होल्ट वाढविले की वायू जास्त होतो, झडप उघडते आणि पाणी बाहेर जाते, ते कायमचेच. जेलीच्या बॅटरीत तर बुडबुड्यांच्या पोकळ्या पडतात, त्या भरून येत नाहीत. शिवाय बॅटरी तापते, तापली की आणखी करंट ओढते, त्याने आणखी तापते. डबे फुगतात ते बहुधा असेच. बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडतो.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. जेलीची बॅटरी इक्वलाइझ करूच नये. काचचटईच्या बॅटरीला बनविणाऱ्या कंपनीच्या कागदावर परवानगी असेल तरच, आणि तिथे लिहिलेल्या व्होल्ट व वेळेइतकेच करावे. कागद हरवला असेल तर नको.

पुष्कळदा दोष बॅटरीचा नसून कंट्रोलरचा असतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडावा लागतो. तो 'पाण्याची बॅटरी' असा राहिला तर महिन्या-महिन्याने कंट्रोलर आपोआप इक्वलाइझ करीत राहतो आणि घरमालकाला पत्ताही नसतो. ही सेटिंग आजच पाहून घ्यावी. बंद बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज आणि नंतर १३.५ ते १३.८ वर धरून ठेवणे, एवढे पुरते. हे आकडे २५ अंश तापमानाचे. पत्र्याच्या खोलीत ४० अंश असतील तर १४.४ ऐवजी १४ च्या आसपासच थांबावे. बॅटरी सावलीत, वारा खेळेल अशी ठेवावी. दर १० अंश वाढीमागे आयुष्य सुमारे निम्मे होते.

आता दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचा संच असेल तर काय? इथे खरा घोळ होतो. जुवाला एक बैल ताजा आणि एक दमलेला, तशी ही जोडी. कंट्रोलरला एकूण २८.८ दिसतात, पण आत एक १४.९ वर आणि दुसरी १३.९ वर असू शकते. चार्ज होत असताना दोन्ही मीटरने वेगवेगळ्या मोजाव्यात. फरक मोठा दिसला तर व्होल्ट वाढविण्याची गरज नाही. आधी पॅनेलची वायर सोडवावी, मग बॅटरीची. पॅनेल चालू ठेवून बॅटरी काढली तर कंट्रोलर जळू शकतो. प्रत्येक बॅटरी १२ व्होल्टच्या योग्य चार्जरने वेगळी, १४.४ पर्यंतच, पूर्ण भरावी. दोन्ही भरल्यावर अधिकाला अधिक, उण्याला उणे अशा जोडून रात्रभर ठेवाव्यात, मग पुन्हा मूळ जोडणी करावी. जोडताना आधी बॅटरी, शेवटी पॅनेल. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, अंगठी-बांगडी काढून ठेवावी, जवळ विडी-काडी नको. हा खटाटोप पुन्हा पुन्हा करावा लागत असेल तर दोहोंच्या मध्ये बसणारा बॅलन्सर मिळतो, तो बसवून घ्यावा. जुनीला नवी जोडू नये, नवीही जुनीच्या मागे जाते.

एवढे करूनही एखादी बॅटरी भरल्यानंतर रात्रभर नुसती ठेवून सकाळी १२.७ व्होल्टही दाखवीत नसेल, तर ती कमजोर झाली असे समजावे. फुगलेली, गरम राहणारी बॅटरी चार्जला लावूच नये. ती भंगारवाल्याला फोडायला देऊ नये, शिसे विषारी असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे जमा करावी आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.