टिपण म्हणजे नक्कल नव्हे

प्राथमिक शाळेत 'थोर व्यक्तीचे चरित्र' हा प्रकल्प दिला की बहुतेक वह्यांमध्ये पुस्तकातील किंवा इंटरनेटवरील परिच्छेद जसेच्या तसे उतरलेले दिसतात. यात दोष मुलांचा नसतो. टिपण कसे काढावे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

सावित्रीबाई फुले यांचे चरित्र उदाहरणादाखल घेऊ. वाचनापूर्वी मुलांकडूनच प्रश्न काढून घ्यावेत. त्यांचे बालपण कसे गेले? अडचणी कोणत्या आल्या? त्यांनी कोणते कार्य केले? त्याचा समाजाला काय उपयोग झाला? प्रत्येक प्रश्नासाठी स्वतंत्र कागद ठेवावा. ज्या मजकुरात यांपैकी कशाचेच उत्तर नाही, तो टिपायची गरज नाही, हे मुलांना आपोआप उमगते.

पुढचा नियम सोपा आहे. एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, समजले ते तोंडी सांगावे आणि मगच लिहावे. पुस्तक उघडे असले की हात नक्कल करतो. मिटले की डोके कामाला लागते. '१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली असता रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले,' या वाक्याचे टिपण 'प्लेग १८९७ – रुग्णसेवा – लागण – निधन १० मार्च' एवढेच पुरे. नावे व सनावळ्या मात्र पुस्तक पुन्हा उघडून पडताळाव्यात.

प्रत्येक टिपणाखाली पुस्तकाचे नाव व पृष्ठक्रमांक हवाच. पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा १८४८ मध्ये सुरू झाली. पण तिची नेमकी तारीख सर्वत्र एकच आढळत नाही. 'मग खरी कोणती?' असे मूल विचारते, तेथे संशोधन सुरू होते. शिक्षकांनी घाईने उत्तर न देता दोन्ही नोंदी आधारासह लिहू द्याव्यात.

अखेरीस पुस्तके बाजूला ठेवून केवळ टिपणांवरून चरित्र लिहावे. भाषा साधी असेल, पण ती मुलांची स्वतःची असेल. चौथीतील मुलगी 'विवाह १८४० – वय ९' असे स्वतःच्या हाताने टिपते, तेव्हा हे तर आपलेच वय, हे तिच्या ध्यानात येते. नक्कल करताना तोच आकडा नुसता उतरला जातो.