आधी चोच बघा, मग कान द्या : अमेरिकेतले माशीमार ओळखायचे कसे?

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना दूधराज ओळखीचा. मध्य प्रदेशचा हा राज्यपक्षी मराठीत स्वर्गीय नर्तक. त्याला इंग्रजीत ‘फ्लायकॅचर’ म्हणतात, म्हणजे माशीमार. पण अमेरिका खंडातल्या माशीमारांशी त्याचं जवळचं नातं नाही. उडते किडे पकडायची सवय सारखी, म्हणून नाव सारखं. कुळं मात्र वेगळी.

अमेरिकेतलं कूळ ‘टायरॅनिडी’. यात ४०० हून अधिक जाती असून अमेरिका खंडातलं हे पक्ष्यांचं सर्वांत मोठं कूळ मानलं जातं. जेमतेम साडेसहा सेंटिमीटरच्या पिग्मी टायरंटपासून बुलबुलापेक्षा मोठ्या पक्ष्यांपर्यंत सगळे यात येतात. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांत पक्षी बघणाऱ्यांची सर्वांत जास्त फजिती होते ती इथेच.

पिवळ्या पोटाचे तिघे

सुरुवात सोप्या पक्ष्यापासून करू. ग्रेट किस्काडी गावात, शेतात, तारेवरही दिसतो. पोट पिवळंधमक, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे. पण हाच वेश आणखी काही जातींचा आहे. मग फरक कुठे बघायचा?

पहिली खूण चोच. किस्काडीची चोच सरळ आणि दणकट. बोट-बिल्ड फ्लायकॅचरची चोच रुंद, फुगीर, होडीसारखी. नावही त्यावरूनच पडलं. सोशल फ्लायकॅचर चणीने लहान आणि त्याची चोच अगदी आखूड.

दुसरी खूण पंख. किस्काडीच्या पंखांत आणि शेपटीत तांबूस रंग ठळक दिसतो. बोट-बिल्डमध्ये तो कमी असतो, तर पूर्ण वाढलेल्या सोशल फ्लायकॅचरच्या पंखांत जवळजवळ नसतोच.

तिसरी आणि सर्वांत पक्की खूण आवाज. किस्काडी स्वतःचं नावच ओरडतो : ‘किस्-का-दी’. ब्राझीलच्या लोकांना तेच ‘बेम-ते-वी’ ऐकू येतं. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘तुला बरोबर पाहिलं’! तिथे पक्ष्याचं नावही तेच आहे.

जिथे डोळे हरतात

खरी कसोटी लागते ‘एम्पिडोनॅक्स’ या गटात. सगळेच हिरवट-करडे. बहुतेकांच्या पंखांवर दोन फिकट पट्टे, अनेकांच्या डोळ्यांभोवती फिकट कडं. यातले विलो आणि आल्डर हे दोन माशीमार इतके सारखे, की १९७३ पर्यंत त्यांना ‘ट्रेल्स फ्लायकॅचर’ ही एकच जात धरलं जाई. ते वेगळे ठरले ते मुख्यतः गाण्यावरून. विलो म्हणतो ‘फिट्झ-ब्यू’, आल्डर म्हणतो ‘फी-बी-ओ’. थंडीत हे पक्षी दक्षिणेकडे उष्ण प्रदेशात उतरतात. तिथे गाणं कमी ऐकू येतं, तेव्हा साध्या हाकेवर भिस्त ठेवावी लागते : विलोची ‘व्हिट’, आल्डरची ‘पिप’.

पण आवाजावर एवढा भरवसा ठेवायचा का? ठेवायचा, कारण आपल्याकडचे दयाळ वगैरे गाणारे पक्षी गाणं ऐकून शिकतात, तर या दोघांचं गाणं उपजत असतं. संशोधकांनी त्यांची पिल्लं माणसाच्या हाती वाढवली आणि त्यांना मुद्दाम दुसऱ्या जातीचं गाणं ऐकवलं. तरी मोठेपणी ती आपल्याच जातीचं गाणं गायली.

एवढा खटाटोप कशासाठी?

काडीचा फरक, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण संरक्षणाचे कायदे नावावर चालतात. विलो माशीमाराची नैर्ऋत्य अमेरिकेतली उपजात वेगळी ओळखली गेली, म्हणूनच १९९५ मध्ये तिला अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत जागा मिळाली आणि नदीकाठच्या तिच्या झाडोऱ्याकडे लक्ष गेलं.

उलटी गोष्ट गॅलापागोस बेटांवर घडली. सॅन क्रिस्टोबल बेटावरचा लाल माशीमार बराच काळ इतर लाल माशीमारांतच गणला जाई. संग्रहालयांत जपलेल्या नमुन्यांचा डीएनए तपासल्यावर २०१६ मध्ये तो स्वतंत्र जात असल्याचं पुढे आलं. पण तो शेवटचा दिसला होता १९८७ मध्ये. नाव मिळालं तेव्हा पक्षीच उरला नव्हता.

म्हणून पक्षी दिसला की घाईने नाव ठोकून द्यायचं नाही. चोच बघायची, पंख बघायचे, जागा आणि महिना टिपायचा, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. आणि तरी खात्री नसेल, तर वहीत सरळ ‘एम्पिडोनॅक्स, जात अनिश्चित’ असं लिहायचं. जाणकारही तेच करतात. चुकीच्या नावापेक्षा अशी अर्धी नोंद कधीही खरी.