मोजून उभे केलेले राज्य

1018 साली इंग्लंडच्या प्रजेने आपल्या नव्या राजाला 72,000 पौंड चांदी मोजून दिली. लंडनने भरलेले 10,500 पौंड वेगळे. राजा होता कनूट, दोनच वर्षांपूर्वी देश जिंकलेला डेन. ज्या फौजेने आणि आरमाराने देश जिंकला, त्यांचे देणे चुकते करायला हा पैसा हवा होता.

त्या काळी पौंडाचे नाणे नव्हते. पौंड हे हिशेबाचे माप, हातात पडायची ती चांदीची पेनी, पौंडाला 240. गुणाकार करून पाहा: 1 कोटी 98 लाख नाणी. पेनीचे वजन ग्रॅमच्या आसपास धरले, तर सुमारे 20 टन चांदी. देशाची लोकसंख्या तेव्हा 15 ते 20 लाखांच्या घरात असावी. म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी दहा पेन्स तरी.

दहा पेन्सला काय येत असे? अॅथेलस्टन राजाच्या काळात लंडनकरांनी चोरीला गेलेल्या जनावरांच्या भरपाईचे दर ठरवून ठेवले होते: डुक्कर 10 पेन्स, गाय 20, बैल 30. हे दर कनूटच्या आधी ऐंशी-नव्वद वर्षांचे आहेत, पण अंदाजाला पुरतात. त्या भावाने 1018 ची वसुली म्हणजे 6 लाख 60 हजार बैल. पुढे 1086 च्या मोजणीत इंग्लंडात 81,000 च्या आसपास नांगर नोंदले गेले. नांगराला आठ बैल धरले की साडेसहा लाख होतात. देशातली सगळी औते सोडून नेली असती, तरी ही रक्कम जेमतेम भरली असती!

काही इतिहासकारांना हा आकडा फुगवलेला वाटतो. निम्मा धरला तरी मी थक्कच होतो. कारण ही पहिली वसुली नव्हती. डेन लोकांना 991 साली 10,000 पौंड दिले होते, 994 साली 16,000, 1002 साली 24,000, 1012 साली 48,000. यातले बरेचसे नाणे समुद्रापलीकडे गेले. त्या काळातल्या इंग्लिश पेन्या आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियाच्या जमिनीत जास्त सापडतात.

दुबळे राज्य लुटले जाते हे खरे. पण एका माणसाच्या हुकमावर गावोगावातून इतकी चांदी गोळा होते, ते राज्य आतून किती घट्ट बांधलेले असेल! एडगर राजाने 973 च्या सुमारास सगळ्या देशाला एकच नाणे लावून दिले. पुढे साठ-सत्तर गावांत टाकसाळी चालत. खालचा ठसा ठोकळ्यात रोवायचा, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि हातोड्याचा घाव. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला टाकसाळवाल्याचे आणि गावाचे नाव. खोट निघाली तर कोणाला धरायचे ते नाण्यावरच कोरलेले. अॅथेलस्टनच्या कायद्यात अशा माणसाचा हात तोडून टाकसाळीवर लावण्याची शिक्षा होती.

या बांधणीची सुरुवात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्यापासून. 878 साली तो डेन लोकांपुढे पळून अॅथेलनीच्या दलदलीत लपला होता. त्यातून सावरल्यावर त्याने वेसेक्सभर तटबंदीची गावे उभारली. त्याचा मुलगा एडवर्ड याच्या काळातली, अशा तीसेक ठिकाणांची एक यादी उपलब्ध आहे. प्रत्येक गावापुढे हाईडचा आकडा. हाईड म्हणजे एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन, आकारणीचे माप. नियम असा: दर हाईडमागे एक माणूस, आणि साडेपाच यार्ड तटाला चार माणसे. सगळी बेरीज 27,000 च्या वर जाते.

विंचेस्टरचे गणित करून पाहू. त्याच्या नावावर 2,400 हाईड, म्हणून 2,400 माणसे. चौघांची एक तुकडी, तुकड्या 600, प्रत्येकीला साडेपाच यार्ड: 3,300 यार्ड, म्हणजे 9,900 फूट तट. तिथल्या जुन्या रोमन तटाची लांबी भरते 9,954 फूट. फरक 54 फुटांचा, अर्धा टक्का. अकराशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची ही अचूकता पाहून माझे तरी हात जोडले जातात.

1066 साली नॉर्मंडीचा विल्यम हेस्टिंग्जला जिंकला आणि ही सगळी यंत्रणा त्याच्या हाती आयती आली. 1085 च्या नाताळात, डेन स्वारीची भीती डोक्यावर असताना, त्याने ग्लॉस्टरला देशाची मोजणी फर्मावली. जमीन कोणाची, आधी कोणाची होती, नांगर किती, माणसे किती, गिरणी, कुरण, रान किती, तेव्हाचे मोल काय, आताचे काय. त्या वेळच्या बखरकाराला तर लाज वाटली की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा या नोंदीतून सुटले नाही. वर्षभरात 13,000 हून जास्त ठिकाणे मोजून झाली. त्यात सुमारे 2 लाख 69 हजार माणसे, बहुतेक कुटुंबप्रमुख, आणि 6,000 च्या आसपास पाणचक्क्या. दहांतला एक माणूस गुलाम.

आज लंडनात मोडणाऱ्या हॅम्पस्टेडची नोंद आपल्या सातबाऱ्यासारखीच आहे. मालक वेस्टमिन्स्टरचे मठाधिपती, 4 हाईड, तीन नांगरांची जमीन. एक कुळ, पाच अल्पभूधारक, एक गुलाम. शंभर डुकरे चरतील एवढे रान. मोल 50 शिलिंग, पूर्वी 100. वीस वर्षांत किंमत निम्म्यावर, आणि तीही बिनबोभाट नोंदलेली. असे 13,000 वेळा!

या मोजणीच्या मुख्य ग्रंथाचा बहुतेक मजकूर एकाच हातचा आहे, शब्द वीस लाखांच्या आसपास. एसेक्स, नॉरफोक आणि सफोकची माहिती त्यात उतरवायची राहून गेली, ती वेगळ्या खंडात आहे. लंडन आणि विंचेस्टर राहिले, उत्तरेचे डरहॅम आणि नॉर्थम्बरलंडही राहिले. विल्यम सप्टेंबर 1087 मध्ये वारला.

विल्यमला लोक विजेता म्हणतात आणि तो होताही. पण जिंकण्याजोगे एकसंध राज्य त्याच्या आधीच दीडशे वर्षांत घडले होते, आणि त्याचे श्रेय मी आल्फ्रेडच्या वंशाला आणि हाईड मोजणाऱ्या त्यांच्या निनावी कारकुनांना देतो.