बक्षीस म्हणून मिळालेला ऑर्केस्ट्रा

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या संगीतशाळांत दरवर्षी कॉन्चेर्टो (म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) वाजवण्याची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला थोडी रोख रक्कम मिळते किंवा तीही मिळत नाही. खरं बक्षीस म्हणजे एक ऑर्केस्ट्रा : साठ-सत्तर वादक, एक कंडक्टर, मोजक्या तालमी आणि एका संध्याकाळचं सभागृह. विशीतल्या मुलाला हे विकत घ्यायचं म्हटलं तर आईवडिलांना घर गहाण ठेवावं लागेल. शाळेकडे मात्र ऑर्केस्ट्रा घरचाच असतो, कारण त्यात बसणारे सगळे तिचेच विद्यार्थी. कमी असतात त्या संध्याकाळी.

ब्लूमिंग्टन या छोट्या गावातलं इंडियाना विद्यापीठ घ्या. तिथल्या जेकब्स संगीतशाळेत सुमारे १६०० विद्यार्थी आहेत. यानोश श्टार्करांनी तिथे चेलो शिकवला, जोसेफ गिंगोल्डांनी व्हायोलिन आणि मेनाहेम प्रेसलरांनी पियानो, तोही अनेक दशकं. अशा गुरूंच्या नावाने जगभरातून मुलं येतात. शाळेत एक सोडून अनेक ऑर्केस्ट्रा आहेत, तरी त्यांच्यापुढे एकलवादक म्हणून उभं राहण्याची संधी दरवर्षी मूठभरांनाच मिळते. ती कोणाला द्यायची, हे ठरवण्यासाठी ही स्पर्धा.

रीत साधारण सगळीकडे सारखी. आधी गुरूची संमती लागते, मग त्या वाद्याच्या विभागातली प्राथमिक फेरी होते आणि निवडलेली मुलं अंतिम फेरीला जातात. रचना बहुधा पाठ असावी लागते. आपल्याच शिष्याला आपण गुण देतोय असं व्हायला नको, म्हणून अंतिम फेरीला पुष्कळदा बाहेरचे परीक्षक बोलावतात. खरी पंचाईत असते तुलनेची. मोझार्टचा बासरीसाठीचा कॉन्चेर्टो आणि राख्मानिनोव्हचा पियानोसाठीचा तिसरा, यांतला कोणता ‘जास्त चांगला’ वाजला? काही शाळा वाद्यागणिक वेगळी स्पर्धा घेतात. न्यू यॉर्कची ज्युलिअर्ड त्यापुढे जाऊन प्रत्येक वाद्यासाठी रचनाही आधीच जाहीर करते. मग सगळे एकच रचना वाजवतात आणि निदान मोजपट्टी तरी एकच राहते.

या सगळ्या काटेकोरपणात एक मजेशीर विसंगती आहे. ज्या स्पर्धेचं बक्षीस ऑर्केस्ट्रा, त्या स्पर्धेत ऑर्केस्ट्राच नसतो. त्याच्या जागी एक पियानो असतो. शिवाय वेळ थोडा, म्हणून एकलवादक गप्प आणि ऑर्केस्ट्रा बोलतोय अशा जागांवर सर्रास कात्री चालते. ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत पहिली नव्वदेक मापं (बार) ऑर्केस्ट्राच वाजवतो आणि व्हायोलिनवादक नुसता उभा असतो. स्पर्धेत ती मापं चार-आठांवर येतात. दुसऱ्या भागाची सुरुवातीची लांबलचक धून ब्राम्सने ओबोला दिली आहे. तीही उडते. मेंडेलसोनचा ई मायनर कॉन्चेर्टो मात्र या कात्रीतून जवळपास सुटतो, कारण त्यात व्हायोलिन दुसऱ्याच मापात येतं. मेंडेलसोनने १८४३ मध्ये लाइपझिगची संगीतशाळा उभी केली, आणि १८४५ मध्ये हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला तो त्याच शाळेतल्या व्हायोलिनच्या प्राध्यापकाने, फर्डिनांड डाव्हिडने.

पियानोवर बसलेल्या माणसाचं नाव निकालात कुठेच नसतं. आपल्याकडे गायकाच्या मागे तानपुरा, तबला, पेटी अशी साथ वाटून घेतलेली असते. इथे व्हायोलिनांची फळी, शिंगांचा गजर आणि टिंपनीचा ठोका सगळं दहा बोटांत मावायला हवं. पानावर छापलेलं सगळं वाजवणं अशक्यच असतं. काय सोडायचं हे ज्याला कळतं, तो साथीदार चांगला. स्पर्धेच्या आठवड्यात असा पियानोवादक एका दिवसात पाच-सहा जणांना साथ करतो, म्हणजे एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही. या कामाला विद्येचा दर्जा मिळायला वेळ लागला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्वेंडोलिन कोल्डोफ्स्की यांनी १९४७ मध्ये साथसंगतीचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तो या प्रकारातला पहिला मानला जातो.

विजेत्यांच्या यादीत पियानो आणि व्हायोलिनची चलती असते, कारण थोर रचनांचा साठाही त्यांच्याकडेच आहे. ट्यूबा वाजवणाऱ्याला व्हॉन विल्यम्सचा कॉन्चेर्टो मिळायला १९५४ साल उजाडावं लागलं. डबल बेसवाले कुसेवित्स्कीकडे वळतात, जो स्वतः आधी बेसवादक आणि मग बॉस्टनचा नामांकित कंडक्टर. सॅक्सोफोनवाल्यांचं दुखणं वेगळं. ऑर्केस्ट्रात त्यांना कायमची खुर्चीच नसते, त्यामुळे ग्लाझुनोव्हचा १९३४ चा कॉन्चेर्टो घेऊन ही स्पर्धा जिंकणं हा ऑर्केस्ट्रात शिरायचा त्यांचा जवळजवळ एकमेव दरवाजा. नव्या रचना निवडणाऱ्यांना आणखी एक अडसर येतो. स्वामित्वहक्कातल्या रचनांच्या वादकप्रती प्रकाशकाकडून भाड्याने आणाव्या लागतात, म्हणून शाळा रचनेची निवड आधी तपासून घेतात.

या स्पर्धेचं कूळ शोधायला गेलं तर पाऊल पॅरिसमध्ये पडतं. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत वर्षअखेरीची परीक्षा हीच स्पर्धा असे. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लर १८८७ मध्ये, बाराव्या वर्षी, तिथलं पहिलं पारितोषिक घेऊन बाहेर पडला. क्लॅरिनेटच्या परीक्षेसाठी डेब्यूसीने लिहिलेली रॅप्सडी आज जगभरच्या मैफलींत वाजते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधलं कॉन्चेर्टोसाठीचं डॅनरॉयथर पारितोषिकही याच वळणाचं. ज्या एडवर्ड डॅनरॉयथरने १८७६ मध्ये चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो इंग्लंडला प्रथम ऐकवला, त्याच्या नावाचं. राख्मानिनोव्हचा तिसरा वाजवून पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉटने ते मिळवलं, आणि त्याच्यावरच्या १९९६ च्या ‘शाइन’ चित्रपटामुळे अशा स्पर्धेचा ताण संगीताशी संबंध नसलेल्यांपर्यंतही पोचला.

पण शिक्षण सुरू होतं ते निकालानंतर. पहिल्या तालमीला विजेता येतो तो पियानोच्या साथीची सवय घेऊन. पियानोची पट्टी दाबली की स्वर तत्क्षणी हजर. मंचावर पसरलेल्या सत्तर जणांचा आवाज एकत्र जमून यायला क्षणभर जातो, आणि नवखा एकलवादक नेमका त्या क्षणभराने पुढे पळतो. सरावाच्या खोलीत भरदार वाटणारा आपला आवाज चेलोंच्या रांगेआड विरतो. कंडक्टरकडे बघायचं की त्याने आपल्याकडे बघायचं, हेही ठरलेलं नसतं. सगळ्यांत अवघड काम उभं राहण्याचं. स्पर्धेत कापलेली ब्राम्सची ती नव्वद मापं आता पूर्ण वाजतात. त्यांच्या ओघातूनच आपला पहिला स्वर यायला हवा, हे इथे कळतं. मागे पहिल्या-दुसऱ्या बाकांवर बसलेले व्हायोलिनवादक म्हणजे अंतिम फेरीत हरलेले सोबतीच असू शकतात. त्यांना आता विजेत्याच्या श्वासाबरोबर वाजवायचं असतं. साथ करणं त्यांच्याही अभ्यासाचाच भाग आहे, आणि वाट्याला येणाऱ्या नोकऱ्या बघता तोच मोठा भाग.

अमेरिकन विद्यापीठांतल्या या जगात एका मुंबईकराचाही हात आहे. १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, १९६४ पासून बारा वर्षं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ऑर्केस्ट्रा विभागाचे प्रमुख होते. त्याच सुमारास त्यांनी तिथे तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनीही काढली. ते सोडून गेले त्या मुंबईत व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला तो २००६ मध्ये, एनसीपीए या कलाकेंद्रात. मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात पियानो-व्हायोलिन शिकणारी, परीक्षांवर परीक्षा देणारी मुलं थोडी नाहीत. स्पर्धा इथेही भरवता येतात. बक्षीस म्हणून द्यायला शाळेचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा कुठून आणायचा, तिथे घोडं अडतं.

तिकडचे बहुतेक विजेतेही पुढे एकलवादक होत नाहीत. ते ऑर्केस्ट्रातल्या नोकऱ्यांसाठी रांगेत उभे राहतात, आणि तिथे पडद्याआडून आधी वाजवायला सांगतात तो बहुधा एक कॉन्चेर्टोच : व्हायोलिनला मोझार्ट, व्हायोलाला श्टामित्झ किंवा हॉफमाइस्टर. तिथेही ऑर्केस्ट्रा नसतो आणि मधल्या जागा कापलेल्याच असतात. मात्र त्या जागांत काय असतं, हे या उमेदवाराने मंचावर उभं राहून ऐकलेलं असतं. ओबोची धून कुठे संपते आणि आपण कुठे शिरायचं, हे त्याला आता कोणी खूण करून सांगावं लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वरात स्वर मिळवून पोट भरणाऱ्याला शाळेने द्यावं असं याहून उपयोगी बक्षीस शोधूनही सापडणार नाही.