राशोल : ओव्या रचणाऱ्या इंग्रज रेक्टरचे गाव

भुसावळहून गोवा एक्स्प्रेस धरणारी आपली मंडळी मडगावला उतरली की थेट समुद्र गाठतात. त्याऐवजी रायमार्गे जुवारी नदीकडे वळले तर राशोल लागते. किल्ल्याचा एक दरवाजा तेवढा शिल्लक आहे. आत टेकाडावर सेमिनरी, तिला लागून सेंट इग्नेशियसचे पांढरेशुभ्र चर्च. इथे आजही पाद्री घडतात, म्हणून आत शिरण्याआधी विचारलेले बरे.

ओव्या रचणारा तो इंग्रज रेक्टर म्हणजे थॉमस स्टीफन्स. तो 1549 साली विल्टशायरात जन्मला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांचे हाल होते. जिवलग सोबती थॉमस पाउंड तुरुंगात पडला, तेव्हा स्टीफन्सने रोम गाठून जेझुइट दीक्षा घेतली. 1579च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला तो कायमचाच. साष्टीच्या, म्हणजे राशोल ज्या भागात येते तिथल्या, कॉलेजाचा रेक्टर झाला आणि 1619 मध्ये इथेच वारला.

त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापले गेले. जवळजवळ 11,000 ओव्या, अस्सल मराठी! देवनागरी खिळे नव्हते, म्हणून लिपी रोमन. स्वर्गाला मात्र बिनदिक्कत वैकुंठ म्हटले आहे. पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छपाई झाली, तरी त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे.

या मराठीवर जीव जडतो, पण तिच्यामागचे विसरता येत नाही. स्टीफन्स येण्याआधीच, 1567 मध्ये, साष्टीतली देवळे पाडली गेली होती. जुन्या पोथ्यांवर बंदी आली. बाटलेल्यांना ऐकायला पुराण उरले नाही, म्हणून हे नवे पुराण आले.

आपल्या खानदेशापुरता एक धागा आहे. 1583च्या अखेरीस इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती हेर समजून गोव्याच्या तुरुंगात डांबले गेले. स्टीफन्सने खटपट केली, जामीन मिळाला आणि पुढच्या वर्षी फिच निसटला. विजापूर, गोवळकोंडा करत तो रावेरपलीकडच्या बऱ्हाणपुरात, म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या राजधानीत पोचला. तिथले सुती कापड, घोड्यावाचून ओलांडता न येणारे पावसाळी रस्ते त्याने टिपले. आठ-दहा वर्षांचा नवरा आणि पाच-सहा वर्षांची नवरी एकाच घोड्यावर बसवून वाजतगाजत काढलेल्या वरातीही वाटेत पाहिल्या, त्याही लिहून ठेवल्या.